कमानीखालचा रांजण

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

सकाळी ओसरीवर आलो तर यार्ड नव्हतं. धुकं इतकं खाली बसलेलं की गाड्या, क्रेन, टायरांची चळत, सगळं पुसून गेलेलं. रांजण तेवढा दिसत होता, तोही वरचा अर्धा, धुक्यावर तरंगत असल्यासारखा. चहा निवेपर्यंत बघत उभा राहिलो.

रांजण म्हणजे खरं तर गिरणी. खाणीतला दगड दळून त्याचं पीठ करायची. आत लोखंडी गोळे टाकायचे आणि अख्खा ड्रम फिरवायचा. बोटीने परदेशातून आला. वैशाखात आम्ही तो घाट चढवून वाडीत आणला आणि यार्डात ठेवला, कारण पुढचा डोंगरातला रस्ता तयार नव्हता. कागदावर त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. वाडीतल्या बायकांनी पहिल्याच दिवशी रांजण म्हटलं आणि तेच राहिलं. आता अंबाजी, माझा सगळ्यात जुना ड्रायव्हर, कंपनीच्या साहेबांनाही फोनवर सांगतो, “रांजण एकदम ओके, सर.”

आज कंपनीचा निरोप आला. निघा. पार उत्तरेला, हिमालयात, एका खिंडीपलीकडच्या खाणीवर. नोव्हेंबरच्या मध्यावर खिंडीत बर्फ पडतं आणि रस्ता उन्हाळ्यापर्यंत बंद होतो. त्याच्या आत रांजण पलीकडे पाहिजे. असला बोजा मुंगीच्या चालीने जातो. जायलाच महिना धरायचा.

क्लीनर म्हणून ट्रकवर चढलो तेव्हापासून एकही मोठा बोजा माझ्याशिवाय हललेला नाही. या वेळी मी जाणार नाही. हृदयात स्प्रिंग बसवल्यापासून डॉक्टर उंचावर जाऊ देत नाहीत. माझी मुलगी समीक्षा जाणार. काम तिनेच मिळवलं, सही तिचीच, शब्दही तिचाच. पोरीचं हे पहिलं काम.

बायको, नंदाबाई, म्हणाली, “पोरीला बर्फात धाडनार आन तुमी हितं बसून भात खानार.”

“तूच वाढणार ना तो भात?” म्हटलं. ती हसली नाही.

दुपारी डुलकी लागली. रांजण बर्फावरून एकटाच गडगडत चाललेला, आवाज न करता. मागे कुणी नाही. इतकी मोठी वस्तू, आणि आवाज नाही. त्यानेच जाग आली.

१९ सप्टेंबर

आमच्या धंद्यात बोजा हलायच्या आधी बांबू चालतो. बोजाच्या उंचीचा बांबू तोडायचा, शेंड्याला घुंगरू बांधायचं, जीपवर उभा करायचा आणि पुढे जायचं. तार असो, फांदी असो, पूल असो, घुंगरू वाजलं की समजायचं इथे अडणार. समीक्षा आणि अंबाजी गेल्या महिन्यात हायवेपासून खिंडीपर्यंत बांबू नेऊन आले. मी फोनवर होतो. कोणत्या गावात कोणती तार उचलायची ते मला पाठ आहे.

आज अंबाजी यार्डातून बांबूची जीप घेऊन सहज बाहेर पडला. मी ओसरीवर दाढी करत होतो. घुंगरू वाजलं. मला वाटलं कुणाचा बैल चाललाय. मग लक्षात आलं की बैल थांबलाय आणि घुंगरू वाजतंच आहे.

अंबाजी चालत परत आला. टोपी हातात.

“शेठ, बांबू आडला.”

“कुठं?”

“तुमच्या आईपाशी.”

वाडीच्या तोंडाशी कमान आहे. मावळात आता प्रत्येक गावाला असते. आमची मी बांधली, आईच्या नावाने. दोन खांब, वर काँक्रीटची आडवी तुळई, दोन हत्ती, मध्ये कळस आणि संगमरवरात कोरलेलं ‘कै. अंबूबाई स्मृती प्रवेशद्वार’. माझ्या गाड्या जाव्यात म्हणून त्या वेळी सगळ्यांत उंच बांधली. कार्ल्यापर्यंत अशी दुसरी नाही.

“अरे, वैशाखात याच्याच खालून आत आला ना?”

“आला की. तवा रस्ता खाली हुता. ज्येष्ठात तुमी सिमेंटचा करून घेतला. रस्ता वर आला, कमान हाय तितंच ऱ्हायली. एक वीत.”

मी तसाच, अर्ध्या तोंडाला साबण, जाऊन बघितलं. एक वीत. रस्त्याचं काम अतुल ठेकेदाराने केलं. त्याने बिचाऱ्याने विचारलं होतं, “आबा, कमानीखाली जरा खोल घेऊ का?” मीच म्हटलं, “नको. खळगा राहील, पाणी साचेल. एकसारखा ओत. आणि जाड ओत, माझ्या गाड्या जातात.”

नंदाबाईने ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. “उभ्या मुलकाचं माप घेतलंत, आन सोताच्या दाराचं न्हाई!”

समीक्षा टेप घेऊन तीनदा मोजून आली. माप तेवढंच.

२१ सप्टेंबर

सरपंच गौरव आला, चारपाच मंडळी घेऊन. चहा झाला. मी म्हटलं, “काय करायचं बोला. नाहीतर कमान...” वाक्य पुरं करवेना.

गौरवने कान पकडले. “आबा, काय बोलताय! कमानीला हात? अंबूआजीचं नाव हाय तिच्यावर. गाव कदी म्हननार न्हाई तसं.”

सगळ्यांनी माना हलवल्या. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गावाने तिला असं धरून ठेवलंय.

निघताना फाटकाशी कुणीतरी कुजबुजलं, “आता तरी...” आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं. माझे कान तिखट आहेत. इंजिनाच्या आवाजावरून कोण चालवतंय सांगतो. पण पुढचं ऐकू आलं नाही. आता तरी आबांनी विश्रांती घ्यावी, असंच काहीतरी असणार.

२५ सप्टेंबर

रस्ता फोडावा म्हटलं, तर समीक्षा म्हणते दोन्ही खांबांना जोडणारी तुळई बरोबर रस्त्याखालून गेली आहे. तिच्या शेजारून पाण्याची पाइपलाइन. वरचं काँक्रीट काढलं तर एवढा बोजा थेट तुळईवर. यार्डातून दुसरा रस्ता नाही. तिन्ही बाजूंना भातखाचरं, गुडघाभर चिखल. रांजण खालच्या बैठकीवरून उतरवायला कंपनीची परवानगी नाही.

मग आज हवा सोडून बघितली. एक्सल जेवढे खाली बसतात तेवढे बसवले, सगळ्या चाकांची हवा उतरवली आणि पुलर हळूहळू पुढे घेतला. पुलर म्हणजे बोजा ओढणारी गाडी. माझी निळी. अंबाजी स्टिअरिंगवर, समीक्षा खांबाशी, मी पलीकडे स्टुलावर. वाडी सगळी बाहेर. ऊन कोवळं आणि रांजणाच्या पोटावर भाताची हिरवी सावली पडलेली. इतकं छान दिसत होतं की मी क्षणभर विसरलोच की तो अडलाय.

“थांब! आबा, अजून चार बोटं अडतंय,” समीक्षा ओरडली.

गर्दीतून कुणी म्हणालं, “रेटा की जरा! काय हुतंय!” दुसरा म्हणाला, “व्हय, रेटाच आता!” पोरांचा उत्साह किती. मी हात वर करून थांबवलं. रांजण मागे घेतला तेव्हा सगळ्या वाडीने एकदम सुस्कारा टाकला. गावालासुद्धा केवढं लागलं असेल.

२ ऑक्टोबर, दसरा

देवाची काठी निघाली. उंच वेळूची, वर मोरपिसांचा तुरा, लाल-हिरवं कापड गुंडाळलेलं. पूर्वी ती रस्त्याने शिवेपर्यंत जायची. कमान झाल्यापासून बांधावरून, भातातून जाते. आजही लोक धोतरं वर खोचून चिखलातून घेऊन गेले. काठी सरळ उभी, खाली माणसं दिसत नव्हती, नुसती काठीच भातावरून चाललीय असं वाटत होतं. ज्याचं खाचर होतं त्याच्या पिकाची एक पट्टी आडवी झाली, पण तो हात जोडून उभा.

आईच्या नावाला तुरा घासू नये म्हणून एवढी वाट वाकडी करतात. मी सोनं वाटताना गौरवला तसं म्हणालोही. तो म्हणाला, “व्हय आबा,” आणि एकदम माझ्या पाया पडला.

आमच्या ओसरीला लागून राहणारी ठकूबाई आईच्या बरोबरीची, दोघी एकत्र भात लावायच्या. तिला आपट्याचं पान दिलं. ती म्हणाली, “रखमा, काठी वाकवत न्हाईत रं बाबा.” मी म्हटलं, “माहीत आहे मावशी.” तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. म्हातारपण आलंय तिला.

५ ऑक्टोबर, रविवार

आज जे ऐकलं ते लिहायलाच हवं.

दुपारी ओसरीवर पडलो होतो. समीक्षा फोनवर बोलायला रांजणात जाऊन बसते. आत सावली, वारा आणि कुणी नाही. तिला माहीत नाही की रांजणाचं तोंड ओसरीकडे आहे. आत बोललेलं गोल फिरून थेट माझ्या खाटेवर येतं. शब्द नुसता येत नाही, घुमून, मोठा होऊन येतो. स्वप्नातल्यासारखा.

“हो सर, चूक माझीच आहे. सर्व्हे मी केला. पुढचं सगळं मोजलं, यार्डासमोरचं राहिलं.” मग थोडा वेळ काही नाही. “नाही सर, वडिलांचा काही संबंध नाही. ते या कामात नाहीत.” पुन्हा शांत. “समजते मी. खिंड बंद झाली तर माझा शब्द गेला. दुसऱ्या कुणाला काम द्यायचं असेल तर मी अडवणार नाही.”

फोन संपला. तरी ती बाहेर आली नाही. रांजणातून नुसता श्वास ऐकू येत होता. नाक ओढल्याचाही.

रस्ता जाड मी ओतायला लावला. कमान मी बांधली. आणि पोर आत बसून सांगते, वडिलांचा संबंध नाही.

उठून चपला न घालता कमानीपर्यंत गेलो. उन्हात हत्तींच्या सोंडांचे रंग उडाले आहेत. आईला हत्ती कधी बघायलाही मिळाला नव्हता. मी का बसवले कोण जाणे.

तिथूनच गौरवला फोन लावला. म्हटलं, “कमान काढायची. गावाची माफी मागतो.”

तो म्हणाला, “आबा, तुमी म्हनता म्हनून. उद्या सकाळी चालंल का? का आत्ताच येऊ?”

७ ऑक्टोबर

गावाचा माझ्यावर किती जीव आहे ते काल दिसलं. मी कुणाला बोलावलं नव्हतं. सकाळी गेलो तर जेसीबी आधीच येऊन उभा, ब्रेकर आलेला, वेल्डिंगवाला गॅसकटर लावून तयार. बायकांनी पोह्यांचं पातेलं चढवलेलं. सगळ्यांची तोंडं मात्र सुतकातली. एकाने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, “लई मोटं काळीज तुमचं, आबा.” बोलताना तो खाली मान घालून थरथरत होता. रडू आवरत असणार.

आधी संगमरवरी पाटी अलगद उतरवली. मीच धरली. मग हत्ती आले खाली. मग तुळई. दुपारपर्यंत खांबही गेले. एवढ्या वेळात तर परवानगीचा एक कागदही हलत नाही.

पाटी ठकूबाईच्या पायरीशी टेकवून ठेवली होती. ती काठी टेकत बाहेर आली, पाटीवरची धूळ पदराने पुसली. म्हणाली, “अंबू, सरक जरा,” आणि शेजारी बसली. मग माझ्याकडे बघून, “हितंच ऱ्हाऊ दे तिला. वर टांगून काय बोलता येत न्हवतं तिच्याशी.”

पाटी तिथेच ठेवली.

९ ऑक्टोबर

रांजण निघाला.

पुलरला नारळ फोडला. समीक्षाने वॉकीटॉकी घेतली. पुढे बांबूची जीप, मागे मी माझ्या गाडीत, नंदाबाई शेजारी. कमानीच्या जागेवर नुसतं आभाळ होतं. रांजण त्यातून गेला, कशालाही न लागता. मी डोळे मिटून घेतले होते, सवयीने.

जुन्या हायवेने कार्ल्याच्या भातांमधून, एसटी बाजूला थांबवत. वराळ्यात नव्या इमारतींच्या बाल्कन्यांतून लोक मोबाइल धरून उभे. एक बाई वरून ओरडली, “अहो, यात काय आहे?” समीक्षाने वर बघून सांगितलं, “काही नाही! रिकामा आहे!” सगळी इमारत हसली.

वराळ्यापुढे जायचं नाही असं ठरलं होतं. मी गाडी बाजूला घेतली. समीक्षा येऊन खिडकीत वाकली. “आबा, फोन करीन. तुम्ही करू नका.”

“का?”

“तुम्ही फोन केला की अंबाजीकाका गाडी थांबवतात.”

नंदाबाई मोठ्याने हसली. निरोप आल्यापासून अशी पहिल्यांदाच.

१७ ऑक्टोबर

मी फोन करत नाही. ती करते, सकाळी, निघायच्या आधी. फोन पुलरजवळ धरते. इंजिन माझ्याशी बोलतं. आज डिझेलच्या पाठीमागे मोरांचा आवाज होता. कुठे आहात विचारलं तर गावाचं नाव तिला सांगता येईना. म्हणाली, “सपाट आहे सगळं. आभाळ खाली आल्यासारखं. रस्त्याच्या कडेला उंट उभे आहेत आणि रांजणाकडे बघतायत.”

मग मी दिवसभर त्या उंटांबरोबर होतो. यार्डात हिंडलो, हिशोब बघितले, मेकॅनिकला रागावलो, पण होतो तिकडेच. इथे सगळं रिकामं दिसतं. रांजण होता तिथे गवत पिवळं पडलंय, गोल. त्यात एक कुत्री झोपते.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पूजेला पुलर नव्हता, म्हणून टायर पुजला. नंदाबाईने टायराला हळद लावली आणि म्हणाली, “माजी सवत बर्फात चाललीय, तिला सांबाळ.” कुणाला म्हणाली, टायराला की देवीला, विचारलं नाही.

३१ ऑक्टोबर

लोणावळ्याला डॉक्टर त्र्यंबकांकडे. धुकं दवाखान्याच्या जिन्यापर्यंत आलेलं. चिक्कीच्या दुकानांचे दिवे भरदिवसा लागलेले.

डॉक्टरांनी नळी लावली. “रखमाजी, ठोके चांगले आहेत. पण तुमचं लक्ष कुठे आहे?”

“डॉक्टर, तुम्हाला नळीतून दूरचं ऐकू येतं का हो?”

“छातीपुरतं येतं.”

“मला कालपासून पाणी ऐकू येतंय. मोठी नदी. दगडांवरून.”

ते हसले. “मुलगी पोहोचली का तिकडे?”

“नदीच्या कडेने वर चढतायत आता. एका बाजूला कडा, एका बाजूला नदी.”

“मग ठीक आहे. औषध बदलत नाही,” म्हणाले. “नदी ऐकत राहा.”

२ नोव्हेंबर, रविवार

भाताची कापणी चालू. सकाळी रस्त्यावरून पेंढ्याची ट्रॉली आली. अशी उंच रचलेली की ट्रॅक्टर दिसेना, पेंढ्याचा डोंगरच डुलत आल्यासारखा. मी ओरडलो, “अरे, इतकी उंच कशाला भरलीस?”

वरून आवाज आला, “आता काय आडतंय, आबा! एका खेपेत समदा पेंडा!”

आणि लगेच गप्प. ट्रॉली पुढे गेली.

मी तिथेच उभा राहिलो. मग एकेक आठवत गेलं. फाटकाशी कुजबुजलेलं ‘आता तरी’. ‘रेटा की जरा’. आधीच येऊन थांबलेला जेसीबी. पोहे. दसऱ्याची काठी. काठी वाकवत नाहीत, म्हणून बांधावरून. आईचा काही संबंधच नव्हता. ठकूबाई सांगत होती आणि मी तिला म्हातारी म्हटलं.

घरी येऊन नंदाबाईला विचारलं, “तुला माहीत होतं?”

“समद्यांना ठावं हुतं.”

“मग बोललीस का नाहीस?”

ती सुपातलं भात पाखडत राहिली. “आईचं नाव काडलं की तुमचं डोळं भरायचं. तुमच्या तोंडावर कोन बोलनार? गावात निम्म्यांची पोरं तुमच्या गाड्यांवर.”

कान तिखट असल्याचा मला फार अभिमान. लोक माझ्या देखत आवाज बारीक करतात हे कधी ऐकलं नाही. आता कुणी “व्हय आबा” म्हटलं की दचकायला होतं.

८ नोव्हेंबर

पोहोचला!

दुपारी फोन आला. वारा इतका की ती काय म्हणते ते तुकड्यांत. “आबा... खिंड ओलांडली... खाणीवर... उतरवतायत.” मागे माणसांचा गलका, अंबाजी कुणालातरी मराठीत शिव्या देतोय, ते लोक त्यांच्या भाषेत हसतायत.

मी अंगणात नुसता फिरत राहिलो. वाडीभर पेढे वाटले. ठकूबाईला दिला, तिने एक पाटीवर ठेवला, एक स्वतः खाल्ला. आभाळ निळं, हवेत भाताच्या तुसाचा धुरळा सोनेरी. त्यात उभं राहिलं की आपणही हवेत आहोत असं वाटतं.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी समीक्षाचा फोन. आवाज खडखडीत, सरळ.

“आबा, एक सांगायचंय. उद्या रात्रीपासून बर्फ आहे म्हणतात. रिकामा ट्रेलर असला तरी खिंडीतून खाली यायला आम्हाला तीन दिवस लागतील. माणसं जीपने आजच खाली येऊ शकतात.”

“मग?”

“पुलर आणि एक्सल वर सोडतेय. खाणीच्या शेडमागे लावलेत. पाणी काढलं, बॅटरी उतरवली, ताडपत्री बांधली. उन्हाळ्यात खिंड उघडली की आणू.”

निळा पुलर. माझा पहिला. त्याच्यानंतर बाकी सगळं आलं. आजवर एकही गाडी मी परमुलखात सोडून आलो नाही. एकदा ओढ्यात अडकली तर आठवडाभर तिच्याच केबिनमध्ये झोपलो होतो. आणि सबंध हंगाम तो नसेल तर मोठी कामं हातची जाणार. जिभेवर आलं होतं, अंबाजीला दे फोन, दोन दिवसांत उतरवेल तो. अंबाजी उतरवेलही. मी सांगितलं तर नाही म्हणणार नाही. ‘व्हय शेठ’ म्हणेल आणि बर्फात गाडी घालेल.

आणि हेही डोक्यात आलं की कमान मी त्याच दिवशी, बांबू अडला तेव्हाच काढली असती, तर आज पुलर पंजाबच्या सपाटीवर परतीच्या वाटेला असता.

“आबा? ऐकताय ना?”

“ऐकतोय.”

“मी विचारत नाहीये. सांगतेय.”

फोनमधून वारा वाहत होता. मी म्हटलं, “बरोबर केलंस. जीपला साखळ्या लाव आणि निघ.”

फोन ठेवल्यावर बरं वाटलं. खूप बरं. एवढ्या वर्षांत कुणीतरी तोंडावर सांगितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल सगळे आले. समीक्षाचे गाल सोलवटलेले, ओठ फाटलेले. नंदाबाईने तिला दारातच धरलं, सोडेना. तूप लावत बसली.

अंबाजीने चावी माझ्या हातात दिली. “घ्या शेठ. गाडी तितं, चावी हितं.” मग पायरीवर बसून राहिला. म्हणाला, “निगताना मागं बगितलं. बारीक बारीक पडत हुतं. आदी निळी दिसत हुती, मग करडी, मग ताडपत्रीबी दिसंना. हाक मारावी वाटलं, खोटं न्हाई सांगत.”

नंदाबाई म्हणाली, “थंडी बाधंल का रं तिला?”

“न्हाई वयनी. झोपलीय ती.”

आज सकाळी धुकं. चावी खिशात घालून रस्त्यावर चालत होतो. समीक्षा शाल गुंडाळून मागून आली. दोघं चालत राहिलो. पुढचं काहीच दिसत नव्हतं, एकमेकांच्या चपला तेवढ्या ऐकू येत होत्या.

“मे महिन्यात मी जाईन आणायला,” ती म्हणाली. “तुम्ही येता?”

“डॉक्टर उंचावर सोडणार नाहीत.”

“खिंडीच्या खाली गाव आहे एक. नदीकाठी. तिथे थांबा. मी गाडी खाली आणीन.”

“तिथून वर थोडंसं? पहिल्या वळणापर्यंत?”

“मी सांगेन तिथपर्यंत.”

मी खिशातली चावी काढून तिच्याकडे दिली आणि म्हटलं, “बरं.”